मराठवाड्याच्या थंडीत घोड्यावर बसायचंय? अशी करा तयारी

मराठवाड्यात घोडेस्वारी शिकायची तर दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ धरा. उन्हाळ्यात सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर येतं. पावसाळ्यात काळी माती पायाला गोळे होऊन चिकटते आणि घोड्याचा पाय कुठं रुतेल सांगता येत नाही. हिवाळ्यात वाटा वाळलेल्या असतात, गोमाश्या कमी होतात आणि घोडाही तरतरीत असतो. हीच तरतरी नवख्या माणसाला जड जाते, म्हणून तयारी लागते.

थंडी पडली की आपलं पहिलं लक्ष घोड्याला पांघरूण घालण्याकडे जातं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, परभणीकडे कधी पाच-सहा अंशांवरही येतो, आणि त्याच दिवशी दुपारी तो २८-३० वर असतो. धडधाकट, कोरड्या अंगाच्या आणि पोटभर वैरण खाल्लेल्या घोड्याला आठ-दहा अंशांची थंडी सहज सोसते. हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट केस येतात, आणि मोठ्या आतड्यात वैरण आंबताना जी ऊब तयार होते ती त्याला आतून मिळत राहते. त्याला त्रास होतो तो तीन गोष्टींचा. गार म्हणून कमी प्यालेलं पाणी, रपेटीनंतर अंगावरच गार झालेला घाम, आणि आखडलेल्या अंगानं एकदम पळायला लावणं. पुढची सगळी तयारी या तीन गोष्टींभोवती आहे. स्वेटर, मफलर हा भाग तुमच्यासाठी, कारण थंडी खरी वाजते ती स्वाराला.

कुणाच्या घोड्यावर बसताय, ते आधी विचारा

संभाजीनगरसारख्या शहरात शिकवणारे वर्ग मिळतात. लहान शहरांत आणि तालुक्याच्या गावी मात्र भाड्यानं मिळणारा घोडा बहुतेक वेळा लग्नाचा असतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, म्हणजे नेमका तुमच्या शिकण्याचा काळ हाच त्या घोडीच्या कामाचा काळ.

अशा घोडीवर शिकूच नये असं मी म्हणणार नाही. गर्दी, फटाके, बँड यांना ती सरावलेली असते आणि नवख्याला ते सोयीचंच पडतं. पण दोन गोष्टी पक्क्या विचारून घ्या. पहिली, घोडी नाचवतात का? नाचाच्या घोडीला लगाम ओढला, टाच लागली किंवा हलगीचा ठेका ऐकू आला की जागेवर पाय उचलायची शिकवण असते. आपण घाबरून लगाम आवळतो, ती त्याला नाचायची खूण समजते, आपण आणखी आवळतो. यात चूक कुणाचीच नसते, पण पडणारे आपण असतो. मालकाकडून तिच्या खुणा समजून घ्या आणि पहिले काही दिवस त्यालाच म्होरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून सोबत चालायला सांगा.

दुसरी गोष्ट सरळ विचारा, "मामा, काल रात्री घोडी वरातीत होती का?" रात्री अकरा-बारापर्यंत डीजेपुढं उभी राहिलेली, घाम येऊन पुन्हा गारठलेली घोडी सकाळी आठला तुमच्यासाठी खोगिराखाली आणू नये. "होती" असं उत्तर आलं तर त्या दिवशीचं बसणं रद्द करा. चांगला घोडेवाला यावर नाराज होत नाही, उलट पुढच्या वेळी तुम्हाला चांगली घोडी देतो.

वजनाचंही बघा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नसावा. आपल्याकडचं छोटं देशी तट्टू तीनशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे त्याच्यावर खोगिरासकट साठ किलो. तुमचं वजन ऐंशी असेल तर थोरलं मारवाडी किंवा काठियावाडी जनावर शोधा. भारी स्वार आणि आखडलेली पाठ हे हिवाळ्यात घोड्याला फार दुखतं.

वेळ

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. पहाटे पाच-साडेपाचला उठून रपेट करण्याची हौस पहिल्या हिवाळ्यात बाजूला ठेवा. गोदाकाठी, धरणाच्या कडेनं आणि ओलिताच्या शिवारात धुकं असतं, समोरचं दिसत नाही आणि जनावराचं अंग आखडलेलं असतं. साडेसात-आठला तबेल्यात पोचा, नऊच्या आत स्वार व्हा, साडेदहापर्यंत परत या. संध्याकाळी बसायचं तर चारला सुरुवात करा आणि साडेपाचच्या आत खाली उतरा. सहानंतर उजेड झपाट्यानं जातो आणि गारठाही झपाट्यानं येतो. घामेजलेला घोडा वाळवायला तुम्हाला ऊन हवं, म्हणून मी स्वतः सकाळच पसंत करते.

अंगावर काय घालावं

आत सुती बनियन किंवा टी-शर्ट, त्यावर पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं बिनबाह्यांचं जाकीट. तीन पातळ थर एका जाड कोटापेक्षा बरे, कारण अर्ध्या तासात अंग तापतं आणि एक थर काढावासा वाटतो. तो काढताना मात्र आधी घोड्यावरून खाली उतरा. खोगिरावर बसून जाकीट काढणं हा नवख्यांच्या पडण्याचा मोठा रस्ता आहे. दोन्ही हात बाह्यांत अडकलेले, लगाम मानेवर सैल पडलेला, आणि मागून फडफडणारं काहीतरी घोड्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात येतं. घोड्याला जवळजवळ चारही बाजूंचं दिसतं, फक्त नाकासमोरचा थोडा आणि बरोबर शेपटीमागचा भाग दिसत नाही. त्यामुळं पाठीवरची हालचाल त्याच्या नजरेतून सुटत नाही. याच कारणासाठी सळसळ आवाज करणारं विंडचीटर नको, आणि चेन गळ्यापर्यंत लावूनच वर चढा.

मफलर, उपरणं, ओढणी यांची टोकं कपड्याच्या आत खोचा किंवा ती घालूच नका. गळ्याला ऊब हवी तर उंच कॉलरचा स्वेटर घाला. हेल्मेटखाली माकडटोपी घालायची सवय मोडा. तिच्या जाडीनं हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा नीट बसत नाही. कान गार पडत असतील तर पातळ सुती टोपी किंवा कानपट्टी पुरते. हेल्मेट घोडेस्वारीचंच घ्या. मोटारसायकलचं जड असतं, मान दुखते आणि बाजूचं नीट दिसत नाही.

हातमोजे हवेतच. बोटं गारठली की लगाम हातातून निसटतोय हे कळतसुद्धा नाही. गुळगुळीत लोकरीचे नकोत, तळव्याला रबराचे ठिपके असलेले स्वस्तातले मोजेही चालतात. पायात अर्धा-पाऊण इंच टाच असलेला, गुळगुळीत तळव्याचा आणि घोट्याच्या वर येणारा बूट घाला. टाचेमुळं पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जात नाही. जाड तळव्याचे पळायचे बूट रिकिबीत अडकतात आणि पडलेल्या माणसाला घोडा फरफटत नेतो. दोन जोड्या पायमोजे घालून बूट घट्ट करू नका, रक्त अडलं की पाय उलट जास्त गार पडतो.

आदल्या दिवसाचं पाणी आणि वैरण

घोडा भाड्याचा असला तरी हा भाग वाचा आणि मालकाशी बोला. घोडा स्वतःचा असेल तर हिवाळ्याची निम्मी तयारी इथंच होते.

मध्यम घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो. हिवाळ्यात हिरवं कमी आणि कोरडा कडबा जास्त, म्हणजे खरं तर पाणी जास्त लागतं. पण रात्रभर उघड्यावर राहिलेल्या हौदाचं पाणी सकाळी इतकं गार असतं की घोडा चार घोट घेतो आणि तोंड फिरवतो. कोरडी वैरण आणि कमी पाणी, यातून आतड्यात लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोटातली अडचण वरून बाहेर पडायला वाट नसते. उपाय साधा आहे. सकाळी पहिल्या बादलीत गरम पाणी मिसळून ते कोमट करा. बोअरचं ताजं पाणी पहाटे आपोआपच कोमट असतं, मोटार चालू असेल तर तेच द्या. बादलीनं मोजून द्या, म्हणजे किती प्याला ते कळेल. चिमटभर नव्हे, मोठा चमचाभर मीठ भिजवलेल्या खाद्यात घातलं तर तहान लागते.

पाणी पुरेसं आहे का हे बघायची एक खूण शिकून ठेवा. मानेच्या बाजूची कातडी दोन बोटांत धरून उचला आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. उंचवटा तसाच राहून हळूहळू बसला तर पाणी कमी पडतंय, त्या दिवशी रपेट नको. हिरडी दाबून बघा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. लीद बघणं कुणाला आवडत नाही, पण तिच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. ओलसर, बोटानं दाबली की फुटणारे गोळे चांगले. कोरडे, कडक, छोटे गोळे दिसले की पाणी वाढवा.

थंडीत खुराक वाढवायचा म्हणून लोक दाणा वाढवतात. वाढवायची ती वैरण. ऊब चघळून खाल्लेल्या वैरणीतून मिळते. आपल्याकडं शाळूचा कडबा मुबलक, पण तो धूळ झटकून, बारीक करून आणि थोडा पाणी शिंपडून द्या. बुरशीचा वास आला तर पेंढी बाजूला टाका, घोड्याची छाती बुरशीच्या धुळीला फार नाजूक असते. हरभरा द्यायचा तर रात्री भिजवलेलाच द्या, आणि तोही ओंजळीनं मोजून. लसूणघास दवानं चिंब असताना कापून लगेच पुढं टाकू नका, सुकू द्या.

कोवळी किंवा पाण्याविना सुकत चाललेली हिरवी ज्वारी घोड्यापुढं टाकू नका. जनावरांना किरळ, म्हणजे ज्वारीची विषबाधा, लागते ती त्यातूनच. ऊसतोडीच्या दिवसांत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतात म्हणून फक्त वाढ्यांवर घोडा ठेवणंही चुकीचं. त्यातल्या ऑक्झलेटमुळं कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि हुरड्याच्या दिवसांत सगळ्यांत जपायला हवं. शिवारात हुरडा पार्टी रंगलेली, घोडा बांधावर सैल बांधलेला, बाजूला कणसांचा ढीग. अर्ध्या तासात तो इतकं खातो की दुसऱ्या दिवशी पोटशूळ किंवा खुरांना सूज येते, आणि खुरांची ही सूज कधीकधी जन्माची होते. घोडा सोबत नेलात तर कणसं त्याच्या मानेच्या टप्प्याबाहेर ठेवा.

तबेल्याबद्दल थोडकं. वाऱ्याच्या बाजूनं तट्ट्या किंवा ताडपत्री लावा, पण वरचा भाग मोकळा ठेवा. सगळं बंद करून आत शेकोटी पेटवली की धूर आणि मुताचा उग्र वास छातीत जातो आणि घोडा खोकायला लागतो. जमीन कोरडी ठेवा. झूल किंवा घोंगडी घालायची ती म्हाताऱ्या, आजारी, हडकुळ्या किंवा केस कातरलेल्या घोड्याला. धडधाकट घोड्याला दुपारीही झूल तशीच ठेवली तर आत घाम येतो आणि रात्री तोच गार पडतो.

सकाळी तबेल्यात

घोड्याकडं खांद्याच्या बाजूनं, बोलत जा. हाक मारल्यावर कान तुमच्याकडं वळले का ते बघा. दाण्याचं भांडं रिकामं आहे का, लीद पडलीय का, नाकातून घट्ट शेंबूड येतोय का, एवढं नजरेनं तपासा. शंका आली तर ताप घ्या. घोड्याचं नेहमीचं तापमान ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असतं. उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला आठ ते सोळा, नाडी २८ ते ४४. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोटं लावली की लागते. आजारी घोडा "थोडं फिरवलं की ठीक होईल" या भरवशावर बाहेर काढू नये.

मग खरारा, म्हणजे दातेरी ब्रशनं अंग घासणं. हिवाळ्यातल्या दाट केसांत माती, कुसळं आणि वाळलेला घाम अडकून राहतो. खरारा गोल फिरवून वर काढा, मग ब्रशनं केसांच्या दिशेनं झाडा. खोगीर जिथं टेकतं तिथून आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, जिथून जातो तिथून उघडा तळवा सावकाश फिरवा, हातमोजा काढून. एक गोखरूचा काटा, एक मातीचा खडा, आणि तासाभरात तिथं जखम होते. तळवा फिरवताना घोडा पाठ खाली दाबत असेल, कान मागं टाकत असेल तर पाठ दुखतेय. या दहा मिनिटांत अंग चोळलं जातं, रक्त फिरतं, आणि घोडा तुम्हाला ओळखू लागतो. मोतद्दारानं सगळं तयार करून द्यावं आणि आपण फक्त चढावं असं शिकू नका. खरारा येत नाही त्याला घोडा कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

चारही खूर उचलून साफ करा. काळ्या मातीचा गोळा खुरात वाळून दगडासारखा होतो. नाल हलतेय का, खिळा वर आलाय का बघा. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, लग्नसराईत त्याची वेळ आधी ठरवून घ्या. आणि हिवाळ्यात आंघोळ घालायची गरज जवळपास नसते. घालायचीच तर भर दुपारी, उन्हात.

खोगीर, तंग, लगाम

लगामाचं तोंडात जाणारं लोखंड रात्रभर गारठलेलं असतं. ते थेट जिभेवर ठेवू नका. खरारा करताना काखेत धरा, नाहीतर दोन्ही तळव्यांत दाबून ठेवा, किंवा कोमट पाण्यात बुडवून काढा. स्वतःच्या गालाला लावून बघा. तुम्हाला टोचण्याइतकं गार लागलं तर त्यालाही लागेल. सकाळी तोंड वर करून लगाम नाकारणारे कितीतरी घोडे या एवढ्यानं शांत होतात.

खोगिराखालचा गादीचा कपडा कोरडा हवा. कालच्या घामानं ओला असेल तर दुसरा घ्या. खोगीर मानेकडून मागं सरकवत बसवा, म्हणजे केस उलटे होत नाहीत. तंग एकदम आवळू नका. थंड पाठीचा घोडा तंग आवळला की पाठ कमानीसारखी उचलतो, काही तर उसळी मारतात. आधी नुसतं लागेल इतपत बांधा, हातात धरून शंभर पावलं चालवा, मग एक भोक वर घ्या. चढण्याआधी पुन्हा तपासा. फुगवलेलं पोट चालल्यावर उतरतं आणि तंग सैल पडतो, म्हणून चढल्यावर दहा मिनिटांनी आणखी एकदा. तंगाखाली दोन बोटं सपाट जायला हवीत.

पहिली पंधरा मिनिटं

तुमचंही अंग आखडलेलं आहे. घोटे फिरवा, मांड्या ताणा, खांदे मोकळे करा, दोन-चार उठाबशा काढा. जांघा आखडलेल्या असतील तर मांड, म्हणजे खोगिरावरची पक्की बैठक, बसत नाही, माणूस गुडघ्यांनी खोगीर आवळतो आणि घोडा ते "पळ" असं समजतो.

दोन-तीन दिवस बांधून ठेवलेला घोडा थंड सकाळी उधळण्याच्या बेतात असतो. आधी लांब दोरावर गोलात दोन्ही अंगांनी फिरवून घ्या, किंवा मालकाला फिरवायला सांगा. मग ओट्यावरून किंवा दगडावरून डाव्या बाजूनं चढा. जमिनीवरून रिकिबीला लटकत चढलं की थंड पाठीला मोठा हिसका बसतो. चढल्यावर धप्पकन बसू नका, वजन हळूहळू टेकवा.

पुढची दहा-पंधरा मिनिटं फक्त चाल. मोकळा लगाम, लांब मान, मोठी वळणं डावीकडं आणि उजवीकडं. सांध्यांतलं वंगण फिरायला आणि स्नायू तापायला एवढा वेळ लागतोच, म्हातारा घोडा असेल तर वीस मिनिटं धरा. कान सैल झाले, मान खाली आली, नाकातून एक मोठा फुर्र आवाज आला की घोडा मोकळा झाला असं समजा. मग दुडकी, म्हणजे हलकी धाव. पहिल्या हिवाळ्यात चाल आणि दुडकी एवढंच शिका. चौखूर पळवण्याची घाई करणाऱ्याची मांड कच्चीच राहते.

घोडा बिचकला तर दोन्ही लगाम खेचून धरू नका. टाचा खाली, ढुंगण खोगिरात, श्वास सोडा, आणि एका बाजूचा लगाम हळू ओढून त्याला गोलात वळवा. वळणाऱ्या घोड्याला उधळणं अवघड जातं. हे मोकळ्या जागेत, मालक सोबत असताना पुन्हा पुन्हा करून बघा. वेळ आल्यावर हात आपोआप चालायला हवेत.

शिवारातल्या वाटा

मैदानात हात बसला की पांदीत आणि शिवारात जावंसं वाटतं. हिवाळ्यात आपलं शिवार फार देखणं असतं, पिवळी करडई, टंच भरलेला शाळू, घाटे लागलेला हरभरा. पण या दिवसांचे धोके वेगळे आहेत आणि ते घोडेस्वारी शिकवणाऱ्या परक्या व्हिडिओत सापडणार नाहीत.

शेतीच्या मोटारींना वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीला असते. रात्रभर दारं धरलेलं पाणी सकाळी वाटेवर येतं आणि वरून वाळलेली दिसणारी काळी माती आत लोण्यासारखी असते. काल कोरडी होती म्हणून आज तीच वाट गृहीत धरू नका, ओलाव्याचा गडद पट्टा दिसला की चालीवर या किंवा उतरून हातात धरून न्या. उलट कोरडवाहू शाळूच्या रानात जमिनीला भेगा पडलेल्या असतात, त्यात खूर गेला तर पाय मोडतो. बांधावरूनच जा. तूर कापलेल्या रानात तिरपे कापलेले टोकदार खुंट उभे असतात. ते खुरात घुसतात, आणि त्यावर पडलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. अशा रानातून दोन पावलंही आडवाट करू नका.

हरभऱ्यातले तुषार म्हणजे स्प्रिंकलर. मोटार चालू झाली की पाइपात आधी हवेचा फुस्स आवाज होतो, मग टक्‌ टक्‌ टक्‌ करत पाण्याची धार फिरत फिरत वाटेवर येते. घोड्याच्या दृष्टीनं जमिनीतून अचानक काहीतरी उठलं. पाइप दिसले की लांबूनच दुसरी बाजू धरा, आणि घोड्याला थांबवून दोन मिनिटं ते बघू द्या. रानडुकरं आणि रोह्यांसाठी लावलेली झटक्याची तार बारीक असते, धुक्यात दिसत नाही. गावातल्या माणसाला आधी विचारा, "दादा, ह्या बाजूला झटका लावलाय का?"

डांबरी रस्त्यावर ऊस वाहतूक असते. कारखान्याचे दिवस सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं गाणी, बाजूला लोंबणारी उसाची टोकं. नवख्यानं या रस्त्यावर घोडा आणू नये. ओलांडायचाच तर उतरा, घोड्याचं तोंड ट्रॅक्टरकडं करून त्याला बघू द्या, आवाज गेल्यावर पुढं व्हा. धुकं असेल तर भडक रंगाचं किंवा चमकपट्टीचं जाकीट घाला.

वेळा अमावस्येला लातूर, धाराशिव, नांदेडकडं सगळं गाव शिवारात असतं. पांदीत गाड्या, मोटारसायकली, पळणारी पोरं. त्या दिवशी घोड्याला सुट्टी द्या आणि आंबील-भज्जी खायला पायी जा.

पहिल्यांदा वाटेवर जाताना एकटे जाऊ नका. फोन खोगिराला नको, अंगावर ठेवा. तुम्ही पडलात तर घोडा फोन घेऊन घरी जाईल.

उतरण्याआधी आणि उतरल्यावर

घराच्या ओढीनं घोडा परतताना जोर करतो. शेवटचे दहा-पंधरा मिनिटं चालच ठेवा. उतरल्यावर तंग दोन भोकं सैल करा, पण खोगीर लगेच काढू नका. तापलेल्या, ओल्या पाठीला गार वारा एकदम लागला की स्नायू आखडतात. पाच-दहा मिनिटं हातात धरून फिरवा, मग खोगीर काढा आणि पाठ, छाती, मांड्यांमधली जागा कोरड्या गोणपाटानं किंवा मूठभर वैरणीच्या बोळ्यानं केसांच्या उलट दिशेनं चोळा. उलट चोळल्यानं केस उभे राहतात आणि आतपर्यंत वाळतात. वरून कोरडं दिसलं तरी बोटं केसांच्या मुळाशी घालून बघा. ओल लागली तर अजून चोळा, उन्हात उभं करा. वारा असेल तर तोवर पातळ सुती चादर टाका. थंडीत बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

घामेजलेल्या घोड्याला पाणी अजिबात द्यायचं नाही ही समजूत गावोगाव आहे. श्वास शांत होऊ लागला की कोमट पाणी थोडं थोडं, फिरवत फिरवत द्यायला हरकत नाही. तहानलेलं ठेवण्यात जास्त धोका आहे. थांबायचं ते दाण्यासाठी, तासभर तरी. वैरण आधी. रपेटीआधीही दाणा आणि खोगीर यांत दीड-दोन तासांचं अंतर ठेवा.

दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा जाऊन बघा. पुढचे पाय गरम लागतात का, तंगाच्या जागी सूज आहे का. घोडा पायानं जमीन उकरतोय, वळून पोटाकडं बघतोय, सारखा बसतोय-उठतोय, लीद टाकत नाही, तर तो पोटशूळ समजा. वैरण काढून घ्या, घरगुती काढे पाजत बसू नका, पशुवैद्यकाला लगेच बोलवा. जनावरांसाठीचा शासनाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. माणसासाठी १०८. धनुर्वाताची लस घोड्यालाही हवी आणि तुम्हालाही, घोड्याला हा रोग फार लवकर होतो.

आणि माळेगाव

हिवाळ्यात बसायला लागलेला माणूस मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला गेला की घोडा घ्यायचा विचार करतोच. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठाणं, आणि तिथला घोडेबाजार बघण्यासारखा असतो. जरूर जा, चार तास नुसते फिरून घोडे बघा, घोडेवाल्यांशी बोला. पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. पुढच्या वर्षी घ्यायचा झाला तर नवख्यासाठी आठ ते पंधरा वर्षांचा, शांत, काम केलेला घोडा बघा. दोन वर्षांचं चमकदार शिंगरू घेऊन दोघांनी मिळून शिकू असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

सोबत दात आणि पाय बघता येणारा जाणता माणूस न्या. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा दाखला मागा, हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. आणि आवडलेला घोडा भल्या सकाळी, आधी न सांगता बघायला जा. विकणारा तासभर फिरवून ठेवतो, आणि अंग तापलं की लंगडा पाय लपतो. दाव्याचा दोर तुमच्यासमोर सोडायला सांगा, कडक जमिनीवर सरळ चालवायला लावा आणि आखडलेल्या अंगानं तो पहिली वीस पावलं कशी टाकतो ते बघा. मान प्रत्येक पावलाला वर-खाली होत असेल तर किंमत कितीही उतरवली तरी पुढच्या घोड्याकडं वळा.